घरातलं आजारपण, विस्कटलेली घडी आणि मनातली बोच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी पुण्यात होतो आणि ती साताऱ्याला. पुढचे १६ महिने आमच्या घराला कसलीच घडी राहिली नाही. माझं सकाळचं फिरणं सुटलं, एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक थांबली, मुदत ठेव मोडली, आणि या सगळ्यावर एक बोच कायम बसलेली असायची : मी नीट वागलो असतो तर ही वेळ आली नसती. त्यानंतर नात्यातले, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे कितीतरी जण घरात असं काही उद्भवलं की मला फोन करू लागले. सुरुवात पैशाच्या प्रश्नाने होते आणि पाचव्या मिनिटाला आवाज खाली जातो. त्यांनी विचारलेलं इथे एकत्र केलं आहे. मी डॉक्टर नाही, आर्थिक सल्लागारही नाही. या वाटेने चालून आलो आहे, एवढंच. पैशाचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा काही करण्याआधी आपल्या शाखेत एकदा विचारून घ्या.

आजारपण काही मी आणलेलं नाही. मग अपराधी का वाटतं?

कारण आपल्या घरांत नियमितपणालाच चांगुलपणा म्हणतात. पहाटे उठणारा, हप्ता न चुकवणारा, कुणापुढे हात न पसरणारा तो चांगला माणूस, हे ऐकतच आपण वाढलो. त्यामुळे हप्ता चुकला की नुसता हप्ता चुकत नाही, आपल्यातच काहीतरी खोट निघाली असं वाटतं. दुसरं कारण जरा खोल आहे. संकटाला कारण नसणं माणसाला सोसत नाही. दोष आपला निघाला तर निदान पुढच्या वेळी हे टाळता येईल, एवढा आधार मनाला मिळतो, म्हणून मन तो दोष ओढून घेतं.

मला उपयोग झाला तो वहीच्या एका पानाचा. मधोमध रेघ मारली. डावीकडे आपल्यावर येऊन पडलेलं लिहिलं, उजवीकडे आपण ठरवून केलेलं किंवा टाळलेलं. डावी बाजू भरून खाली उतरली : झटका, अतिदक्षता विभागाचे ११ दिवस, बिनपगारी रजा, रद्द झालेला प्रकल्प. उजवीकडे दोनच गोष्टी आल्या. आईचा आरोग्य विमा मी कमी रकमेचा ठेवला होता. आणि ती रक्तदाबाची गोळी रोज घेते का, हे मी कित्येक महिने विचारलं नव्हतं. त्या दोन गोष्टींचं मला आजही वाईट वाटतं आणि ते वाटायलाच हवं. पण तोवर मी अख्खं पान डोक्यावर घेऊन फिरत होतो.

लवकर दवाखान्यात नेलं असतं तर?

हा प्रश्न बहुतेक सगळे शेवटी, फोन ठेवता ठेवता विचारतात. मीही स्वतःला अनेक रात्री विचारला. आईच्या हातातून सकाळी कप सुटला. शेजारच्या काकूंना वाटलं साखर उतरली असेल, म्हणून त्यांनी तिला गूळ-पाणी दिलं आणि पडून राहायला सांगितलं. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, हे मला त्या संध्याकाळी डॉक्टरांकडून कळलं. काकूंना ते ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. संध्याकाळी कळलेल्या गोष्टीवरून सकाळच्या माणसाला दोषी ठरवता येत नाही.

माझ्या मनातली ही बोच पूर्ण गेली नाही, पण मी तिला कामाला लावलं. आता भेटेल त्याला सांगतो : तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी दिसलं तरी साखर बघत बसू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा.

एसआयपी बंद करावी लागली. दहा वर्षांची शिस्त मोडली. आता सगळंच गेलं का?

आधी गुंतवलेलं जिथल्या तिथे आहे, ते कुठेही जात नाही. थांबलं आहे ते पुढचं. माझी ५,००० रुपयांची एसआयपी १६ महिने थांबली, म्हणजे ८०,००० रुपये गुंतवायचे राहिले. ते पैसे कुठे गेले ते मला पक्कं माहीत आहे : औषधाच्या दुकानात, फिजिओच्या फीमध्ये आणि भाड्याच्या पलंगात. गुंतवणूक अडीअडचणीसाठी असते असं आपणच म्हणतो ना? ही ती अडचण.

एक काम मात्र वेळेत करा. खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर फंड कंपनी दंड घेत नाही, पण बँक दर वेळी शुल्क कापते. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले तर ती आपोआप रद्द होते. त्याआधी तुम्हीच ती थांबवा. बऱ्याच फंड कंपन्या काही महिन्यांसाठी हप्ता स्थगित ठेवण्याची सोय देतात. लाजेपायी मी दोन महिने काहीच केलं नाही. बँकेने कापलेलं ते शुल्क म्हणजे मी माझ्या लाजेचं भरलेलं भाडं होतं.

मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडली. तिच्या तोंडाकडे बघवत नाही.

मुदतीआधी ठेव मोडली की बँक जितके दिवस पैसे राहिले तितक्या काळाचा दर लावते आणि त्यातूनही साधारण अर्धा ते एक टक्का कमी करते. समजा, दोन लाखांची ठेव सात टक्क्यांनी होती आणि वर्षाने मोडल्यावर साडेपाच टक्के हातात पडले. नुकसान झालं तीन हजारांचं. तेच दोन लाख क्रेडिट कार्डावर ठेवले असते, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने फक्त पहिल्या महिन्याचं व्याज सात हजार झालं असतं. तुम्ही स्वस्त वाट निवडलीत. ठेव अजून मोडली नसेल तर आधी ठेवीवर कर्ज मिळतं का ते विचारा. ठेवीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त पडतात, पण ठेव टिकते.

आणि मुलीला सांगा. पंधरा वर्षांच्या मुलीला घरातलं सगळं दिसत असतं. ‘तुझे पैसे आजीच्या उपचाराला लागले, परत भरायला आम्हाला तीन वर्षं लागतील’ हे तिला सरळ सांगितलेलं बरं. न सांगता तुम्ही तिच्याशी तुटक वागू लागलात, तर ती स्वतःचंच काहीतरी चुकलं असं समजेल, आणि ही बोच तिच्याकडे वारशाने जाईल.

एलआयसीचा हप्ता, पीपीएफ, सुकन्या, सगळंच राहिलं. आता उशीर झाला का?

बहुधा नाही. एलआयसीच्या वार्षिक, सहामाही किंवा तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. त्यानंतर पॉलिसी बंद पडते आणि संरक्षण थांबतं. पारंपरिक पॉलिसी पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत व्याज भरून पुन्हा चालू करता येते. कधी कधी तब्येतीचा दाखला मागतात. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात. ते राहिले असतील तर चुकलेल्या प्रत्येक वर्षाचे ५०० आणि वर ५० रुपये दंड भरला की खातं पुन्हा सुरू. सुकन्या समृद्धीमध्ये किमान २५० रुपये, दंड तिथेही वर्षाला ५०. पोस्टाच्या आरडीत, म्हणजे दरमहा भरायच्या आवर्ती ठेवीत, मात्र घाई करा. चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं आणि ते पुन्हा चालू करायला दोनच महिने मिळतात.

पन्नास रुपये. या पन्नास रुपयांच्या भीतीने लोक तीन-तीन वर्षं पोस्टात पाऊल टाकत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

बँकेचे मेसेज उघडवत नाहीत, पाकिटं तशीच पडून आहेत. हे फक्त माझंच होतं का?

नाही. मला आलेल्या बहुतेक फोनांच्या मुळाशी हेच असतं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. आजारपणाने जेवढे पैसे नेले त्याचं आपण काही करू शकत नव्हतो. पण न उघडलेल्या पाकिटाने नेलेले पैसे वाचले असते. अपराधी वाटतं म्हणून बघवत नाही, बघितलं नाही म्हणून रक्कम वाढते, रक्कम वाढली म्हणून आणखी अपराधी वाटतं.

आमच्याकडे टीव्हीखालच्या खणात २३ पाकिटं साठली होती. बायको म्हणाली, ‘आज फक्त फाडायची. वाचायची उद्या.’ आम्ही तसंच केलं. दुसऱ्या दिवशी तीन ढीग केले : तारखेचं, पैशाचं, रद्दीचं. रद्दीचा सर्वांत मोठा निघाला. तारखेच्या ढिगात गृहकर्जाचं पत्र होतं. ९० दिवस थकलं की बँक कर्ज अनुत्पादित, म्हणजे वसुली अडकलेलं, धरते, आणि आम्ही ५२व्या दिवशी होतो. मी दुसऱ्याच दिवशी शाखेत गेलो. मुदत वाढवून हप्ता कमी झाला. साहेबांनी मला काही बोल लावले नाहीत, मीच त्यांच्यासमोर पाच मिनिटं मान खाली घालून बसलो होतो.

काही गोष्टी माहीत असाव्यात. थकलेल्या हप्त्यावरचा दंड बँकेला शुल्क म्हणूनच घ्यावा लागतो, तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. आपला पतअहवाल, म्हणजे आपल्या सगळ्या कर्जांची आणि ती कशी फेडली त्याची नोंद, सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढून बघा. मनात धरलेला आकडा खऱ्या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा भयंकर असतो.

साध्या साध्या गोष्टी विसरतोय. लाइटबिल दोनदा भरलं. माझी बुद्धीच गेली का?

आपल्याकडच्या ऊसवाल्यांना हे चटकन कळेल. तमिळनाडूतल्या ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांची संशोधकांनी बौद्धिक चाचणी घेतली, तोडणीआधी हातात पैसा नसताना एकदा आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर एकदा. माणसं तीच, पण तोडणीआधी त्यांचे गुण कमी आले. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पैशाची ओढाताण डोक्यातली जागाच खाते. तुमचं डोकं सध्या तोडणीआधीच्या महिन्यांत आहे. ठरलेली बिलं बँकेतून आपोआप जातील अशी सोय करा, औषधांच्या वेळा भिंतीवर लावा, आणि कोणत्याही मोठ्या कागदावर रात्री सही करू नका.

पतसंस्थेचं कर्ज थकलंय, भिशीचा हप्ताही राहिला. तिथेही ‘सोडून द्या’ म्हणाल का?

इथे नाही म्हणणार. पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार असतो. तुमचा हप्ता थकला की नोटीस त्याच्या घरी जाते, त्याच्या बायकोच्या हातात पडते. भिशीतही तुमचे न आलेले पैसे कुणाच्या तरी ठरलेल्या रकमेतून कमी होतात, आणि त्या बाईने त्यावर मुलाची फी धरलेली असते. इथली बोच खरी आहे, तिचं ऐका.

पण तिचं ऐकणं म्हणजे तोंड लपवणं नव्हे. जामीनदाराला नोटिशीच्या आधी तुमचा फोन गेला पाहिजे. ‘घरात असं असं झालंय. दोन महिने हप्ता जमणार नाही. मी संस्थेत जाऊन सांगितलंय, तुमच्याकडे पत्र आलं तर घाबरू नका’, एवढं पुरे. भिशीत आपला नंबर शेवटी टाकायला सांगा किंवा आपल्या जागी कुणी बसतं का बघा. पैसे थकल्याने नाती तुटलेली मी कमी पाहिली. फोन न उचलल्याने तुटलेली खूप पाहिली.

बायकोच्या पाटल्या तारण ठेवल्या. सासरच्यांना कळलं तर?

पाटल्या तिच्या आहेत, तेव्हा तिला विचारून ठेवल्या असतील तर इतरांना जाब द्यायचं कारण नाही. विचारलं नसेल, तर आधी तिची माफी मागा, बाकी सगळं नंतर. मोडण्यापेक्षा तारण ठेवणं केव्हाही बरं. पण व्याजाची तारीख सांभाळा, निदान व्याज तरी भरत राहा, आणि शाखेत आपला मोबाइल नंबर व पत्ता बरोबर आहे ना ते बघा. लिलावाची सूचना चुकीच्या पत्त्यावर गेली, तर हळहळ आयुष्यभराची होते.

आम्ही खाऊनपिऊन सुखी घरातले. सरकारी योजना घेणं म्हणजे गरिबांचं ओरबाडणं नाही का?

ही सज्जन माणसांची अडचण आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबंही येतात. ठरलेल्या उपचारांसाठी, योजनेत असलेल्या रुग्णालयांत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसतात, दाखल होतानाच त्यांना गाठा, कारण बिल भरून झाल्यावर फारसं काही हाती लागत नाही. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता ५ लाखांचं संरक्षण मिळतं. सर्वांसाठी म्हणून केलेली सोय वापरण्यात ओरबाडणं कसलं?

धर्मादाय रुग्णालयांचं वेगळं. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. त्या मर्यादेत बसत नसाल तर ती खाट मागू नका. बसत असाल तर मान ताठ ठेवून मागा, ती उपकार म्हणून मिळत नाही, कायद्याने मिळते. नात्यातले एक गृहस्थ मर्यादेत बसत होते, पण ‘आपल्याला कसं शोभेल’ म्हणून त्यांनी सांगितलंच नाही. नंतर त्यांनी गावची अर्धा एकर विकली. मला त्यांची फार हळहळ वाटते.

फिरणं, सूर्यनमस्कार, वाचन, सगळं सुटलं. इतक्या वर्षांची सवय पुन्हा लागेल का?

लागेल. लंडनमध्ये ९६ जणांवर सवय कशी लागते याचा एक अभ्यास झाला. सवय मुरायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ दिवस पुरले तर कुणासाठी हिशेब २५४ पर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकल्याने काही विशेष बिघडलं नाही. तुमचे एक-दोन दिवस नव्हे, महिने गेले आहेत, हे मान्य. पण सवय जागेला आणि वेळेला बांधलेली असते. जागा आणि वेळ दोन्ही बदलल्यावर ती सुटणारच होती, त्यात आळस कुठला?

मी रुग्णालयाच्या जिन्यावर चालायचो. तिसरा मजला ते तळमजला, औषध आणायला जाताना. त्याला व्यायाम म्हणायची मला लाज वाटायची. आता वाटत नाही.

माझी रोजची पोथी चुकली, नित्यनेम मोडला. देवाचं राहिलं असं वाटतं.

आपल्या जुन्या माणसांनी याचा विचार करून ठेवला होता असं मला वाटतं. घरात कुणी गेलं की दहा दिवस सुतक. देवपूजा बंद, सण नाही, आणि त्याबद्दल कुणी अपराधी वाटून घेत नाही. मग तेरावा होतो, गोडाचं जेवण होतं, कुणीतरी आप्त दुखवटा घेऊन येतं आणि घराला रोजच्या जगण्यात आणून बसवतं. थांबायला परवानगी आणि परत यायला हाताला धरून नेणारं कुणीतरी, दोन्ही त्यात आहे.

लांबलेल्या आजारपणाला असं सुतक नाही. इथे घर थांबलेलं असतं, पण ते थांबलंय असं जाहीर कुणी केलेलं नसतं. म्हणून तुम्ही रोज नव्याने मोडता. माझं सांगणं असं की तुम्हीच जाहीर करा. ‘आषाढापर्यंत पोथी बंद. तोवर आईला पाणी पाजताना एक नाम.’ माझ्या मावशीने असंच केलं आणि आषाढी एकादशीला तिने पोथीचं फडकं सोडलं. तेव्हा आम्ही चौघं तिच्याशेजारी बसलो होतो.

रुग्णाची देखभाल करायला ब्युरोची बाई ठेवली, पोळ्या बाहेरून आणतो. सेवा अंगाबाहेर टाकल्यासारखं वाटतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीसुद्धा. दिवसा नोकरी करणारं एक माणूस हे महिनोन्‌महिने करूच शकत नाही. ब्युरोतून आलेल्या मावशींनी आईला ज्या हातोटीने उठवून बसवलं, ती मला कधीच जमली नाही. त्या आल्यापासून मला आईशेजारी नुसतं बसता येऊ लागलं. तिच्याशी गप्पा मारायच्या तर माझ्या हातात तोपर्यंत कायम काहीतरी असायचं, डायपर नाहीतर नळी. पोळ्यांचं म्हणाल, तर पोळी-भाजी केंद्रातली बाईही कुणाचं तरी घर चालवत असते.

भाऊ परदेशात आहे, पैसे पाठवतो. सगळं मी करते तरी वाईट त्यालाच वाटतं, आणि मला त्याचा राग येतो.

ताई, तुमचा राग रास्त आहे आणि त्याची बोचही खरी आहे. दोन्ही एका घरात मावतं. त्याला ‘तू काही करत नाहीस’ म्हणण्याऐवजी ठरलेलं काम द्या. विम्याचे कागद, बँकेचे ईमेल, डॉक्टरांच्या तारखा हे सगळं तिकडे बसून होतं. शिवाय वर्षातून तीन आठवडे तो इथे राहील आणि तुम्ही त्या दिवसांत घराबाहेर पडाल, हे आधीच ठरवून घ्या. परदेशातल्या मुलांना पैसे पाठवून सुटल्यासारखं वाटत नाही. काय करायचं ते कुणी सांगतच नाही, म्हणून ते पैसे पाठवत राहतात.

मी आजारी वडिलांवर ओरडलो. हात उगारला नाही, पण जवळपास.

हात उगारायची वेळ आली तर खोलीबाहेर जा, आणि त्याच दिवशी कुणाला तरी मदतीला बोलवा. ही ताणाची शेवटची खूण आहे, तिच्यापुढे थांबू नका. ओरडण्याचं म्हणाल तर माफी मागा, वडिलांना समजत नसलं तरी. मी आईची मागितली होती. तिला बोलता येत नव्हतं, तिने डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. तो स्पर्श क्षमेचा होता की तिला पाणी हवं होतं, हे मला कधीच कळलं नाही. मी तिला पाणी दिलं.

भाचीच्या लग्नात नाचले, नवी साडी घेतली. लोक काय म्हणतील?

काही जण म्हणतील. साडी रोखीने घेतली ना? मग नेसा.

स्वतःला असं माफ करत गेलो तर ढिलाई येणार नाही का?

मलाही हीच भीती होती. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात ११९ विद्यार्थ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी अभ्यासाची टाळाटाळ केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी टाळाटाळ कमी केली. स्वतःला कोसत बसणाऱ्यांना पुस्तक बघितलं तरी नको वाटत असणार. मला जसं पाकिटांच्या बाबतीत झालं, तसंच ते.

माफ करणं म्हणजे वहीतल्या त्या पानाच्या उजव्या बाजूच्या ओळी खोडणं नव्हे. आईच्या विम्याची चूक माझीच होती. ती मान्य केली, तेव्हाच बायकोच्या आणि माझ्या विम्याचे कागद काढून बघण्याचं धाडस झालं.

हे नुसतं वाईट वाटणं आहे की आजार, कसं ओळखावं?

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, ‘मी नसतो तर बरं’ असे विचार येतात, आणि कुणी कितीही समजावलं तरी दोष आपलाच वाटतो, तर डॉक्टरांकडे जा. हे उपचाराचं दुखणं आहे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, आत्ताच फोन करा आणि घरातल्या एकाला शेजारी बसवून ठेवा.

आई गेली आणि क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. हे कुणाला सांगितलेलं नाही.

मी इथे सांगतो : मलाही वाटलं. पहाटे चार वाजता, घरात पहिल्यांदा ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज नव्हता. आईवर प्रेम होतं आणि सुटल्यासारखंही वाटलं, दोन्ही एकाच क्षणी. तिच्या कळा थांबल्या याचं ते सुटणं होतं, माझी जागरणं थांबली याचंही होतं. मी दोन्ही कबूल करतो.

आता पुन्हा सुरुवात कुठून करू?

आधी आरोग्य विमा चालू आहे का बघा. मग एका महिन्याचा घरखर्च बचत खात्यात जमेपर्यंत दुसरं काही करू नका. त्यानंतर हातउसने परत करा, ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्याचे आधी, रक्कम लहान असली तरी. एसआयपी शेवटी. मी ५०० रुपयांवर सुरू केली, ५,००० पर्यंत परत यायला दोन वर्षं लागली. मागचं भरून काढायला म्हणून दुप्पट हप्ता लावू नका. तो तिसऱ्या महिन्यात चुकतो आणि सगळं पुन्हा मनावर येतं.

दिनक्रमातलंही एकच उचला. मी फिरणं उचललं, तेही बिल्डिंगच्या फाटकापर्यंत.

आणि जामीनदाराला फोन करायचा राहिला असेल, तर बाकीचं उद्यावर ठेवा आणि तो आज करा. संध्याकाळी सातच्या सुमारास करा, माणूस घरी आलेला असतो.